राठ केसांचे शिकारी कुत्रे



मॅट्रिक होऊन शाळेंत शिरलेल्या आणि साऱ्या हयातींत भूगोल व गणित शिकविलेल्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त मास्तरानें शिकारी कुत्र्यांविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. आमच्या घराण्यांत कोणीं बंदूक हातीं धरलेली नाहीं, आणि स्वयंपाकघरांत अजून अंडेंहि येत नाहीं. पण गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें मुंबईहून पत्र आलें. सोबत एका पिल्लाचें छायाचित्र होतें. तपकिरी रंग, राठ केस, भुवया दाट, आणि हनुवटीला चक्क दाढी! 'गुरुजी, मुलानें फार हट्ट धरला आहे. हें पिल्लूं घरीं आणावें काय?' असें त्यानें विचारलें होतें. मला विचारण्याचें कारण असें कीं, तीन वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे जर्मनींतील हेसन प्रांतांत दोन महिने राहून आलों, आणि त्याच्या घरीं याच जातीची कुत्री आहे. त्या पत्राला मीं जें उत्तर पाठविलें, तेंच थोडें विस्तारानें आज आपणांपुढें मांडणार आहें.

शिकारी कुत्रा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दख्खनचा कारवानी किंवा मुधोळचा कुत्रा उभा राहतो. लांब पाय, आंत गेलेलें पोट, निमुळतें तोंड. हा कुत्रा नजरेनें शिकार करतो. उघड्या माळावर ससा दिसला कीं बाणासारखा सुटतो आणि धांवून त्याला धरतो. मी ज्यांच्याविषयीं बोलत आहें ते कुत्रे नाकानें शिकार करतात, आणि सावज धरण्याऐवजीं तें दाखवितात. वाऱ्यावरून पक्ष्याचा वास येतांच कुत्रा जागच्या जागीं थिजतो. शेपूट ताठ, बहुधा एक पुढचा पाय उचललेला, नाक सावजाच्या रोखानें. मालक जवळ येईपर्यंत त्यानें हालतां कामा नये. झेप घेण्यापूर्वीं प्रत्येक श्वापद क्षणभर दबा धरतें. तोच क्षण माणसानें पिढ्यान् पिढ्या निवड करून लांबविला, अशी याची उपपत्ति सांगतात.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील मोठ्या जमीनदारांच्या पदरीं निरनिराळ्या कामांना निरनिराळे कुत्रे असत. पॉइंटर आणि सेटर यांनीं पक्षी दाखवावा, स्पॅनियलनें तो झुडपांतून उठवावा, रिट्रीव्हरनें पडलेला पक्षी उचलून आणावा. श्रीमंताच्या वाड्यांत आचारी वेगळा, पाणक्या वेगळा, तसाच हा प्रकार. जर्मनींत मात्र गोष्ट निराळी झाली. १८४८ च्या क्रांतीनंतर दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारांचा पिढीजाद हक्क गेला, आणि शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीला जोडला गेला. मग मध्यम स्थितींतले लोकहि शिकारी झाले. त्यांना पांच कुत्रे पोसणें परवडणारें नव्हतें. आपल्या मध्यमवर्गीय घरांत जशी एकच गृहिणी स्वयंपाकापासून हिशेबापर्यंत सारें पाहते, तसा एकच कुत्रा त्यांना हवा होता. त्यानें शेतांत पक्षी दाखवावा, तळ्यांत पडलेलें बदक पोहून आणावें, आणि रानांत जखमी हरणाचा माग काढावा. शेत, पाणी आणि रान, अशा या तीन कामगिऱ्या.

या कल्पनेचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे बॅरन सिगिसमुंड फॉन झेडलिट्स. 'हेगेवाल्ड' या टोपणनांवानें तो लिहीत असे. रूपापेक्षां काम पाहा, असा त्याचा आग्रह होता. पाण्याची आवड आणि बुद्धि यांसाठीं पूडल, व नाक आणि वेग यांसाठीं पॉइंटर, यांचा संकर करावा ही कल्पना त्याची. १८८१ सालीं ती प्रत्यक्षांत आली आणि 'पूडलपॉइंटर' ही जात निघाली. आज पूडल म्हटला कीं केस कातरलेला शोभेचा कुत्रा आठवतो, पण मूळचा तो पाणथळींतला कामकरी कुत्रा होय, हें लक्षांत ठेवावें. याच काळांत एदुआर्द कोर्थाल्स नांवाचा एक डच तरुण या नादानें घर सोडून जर्मनींत गेला. १८७४ च्या सुमारास 'मूश' नांवाच्या एका कुत्रीपासून त्यानें आरंभ केला, आणि पुढें ऱ्हाईन नदीकांठच्या बीबेसहाइम गांवीं राहून वीस वर्षें निवड करीत राठ केसांची ग्रिफन ही जात सिद्ध केली. १८९६ सालीं तो वारला तेव्हां त्याचें वय अवघें पंचेचाळिसाच्या आसपास होतें. पुढें १९०२ सालीं जर्मनींत 'ड्राटहार' म्हणजे तारकेशी कुत्र्यांची संस्था निघाली. तिनें ग्रिफन, पूडलपॉइंटर आणि इतर जातींतले उत्तम कुत्रे एकत्र आणून आजची प्रसिद्ध जात घडविली. 'कामगिरींतून रूपाकडे' हें तिचें ब्रीदवाक्य. बोहेमियांतला 'चेस्की फोउसेक' हा त्यांचाच भाऊबंद. पहिल्या महायुद्धांत तो जवळ जवळ नामशेष झाला होता, पण चेक लोकांनीं तो नेटानें सांवरला.

आतां त्या राठ केसांविषयीं. ते केवळ शोभेचे नाहींत. वरचे केस दोन ते चार सेंटिमीटर लांब आणि तारेसारखे कडक. त्यांखालीं थंडींत दाट होणारी मऊ लव. कांटेरी जाळींतून जातांना वरचे केस कातडी वांचवितात, आणि गार पाण्यांत आंतली लव ऊब राखते. भुवयांमुळें डोळ्यांचें रक्षण होतें. दाढीचा उपयोग मात्र मला समजला नाहीं. पाणी पिऊन घरभर ठिपके पाडण्यासाठीं ती असावी असें विद्यार्थ्याच्या पत्नीचें मत आहे! या दाढीमिशांचें मूळ एकाच जनुकांतील लहानशा भरींत आहे, असें २००९ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. ही भर प्रबळ गुणाची असल्यानें आईबापांपैकीं एकाकडून आली तरी पिल्लाला मिशा फुटतात.

माझ्या विद्यार्थ्याच्या कुत्रीचें वंशावळींतलें नांव लांबलचक जर्मन आहे. घरांत तिला 'ठकी' म्हणतात. हुकूम सारे जर्मनींत, लाड मात्र मराठींत. तो स्वतः व्यवसायानें इंजिनियर. त्या देशांत परीक्षा उतरल्यावांचून शिकारीचा परवाना मिळत नाहीं, आणि कुत्र्यालाहि परीक्षा असतात. वसंत ऋतूंत तरुण कुत्र्यांची पहिली परीक्षा होते. तींत नाक, शोधण्याची हौस, सशाच्या मागावर टिकून राहणें आणि सावज दाखविणें हे उपजत गुण पाहतात. शरदांत दुसरी परीक्षा. तींत पाण्यांतलें काम येतें. सर्वांत मोठी परीक्षा दोन दिवसांची. तींत कुत्र्यानें कोल्हा तोंडांत धरून कुंपणावरून उडी घ्यावयाची असते आणि रक्ताच्या थेंबांवरून चारशे मीटरांहून लांब माग काढावयाचा असतो. अमेरिकेंतहि १९६९ पासून अशा कुत्र्यांची संस्था आहे. तिच्या पहिल्या परीक्षेला कुत्रा सोळा महिन्यांच्या आंतला लागतो, आणि तींत 'सहकार्य' या गुणाला स्वतंत्र गुण देतात.

सहकार्य आणि आज्ञापालन यांतला भेद मला एका तळ्याकांठीं कळला. विद्यार्थ्यानें मेलेलें बदक वेळूंच्या बेटांत फेकलें होतें, आणि ठकी तें शोधीत होती. दहा मिनिटें झालीं तरी तिला सांपडेना. मला राहवलें नाहीं. बदक पडलें होतें त्या बाजूला मीं एक दगड फेकला. कुत्री लगेच तिकडे वळली आणि बदक घेऊन आली. मी खूष झालों. विद्यार्थी मात्र गंभीर झाला. तो म्हणाला, 'गुरुजी, आतां पुढचे पंधरा दिवस ती शोधण्याऐवजीं माझ्या हाताकडे पाहत बसेल.' आणि तसेंच झालें! दुसऱ्या दिवशीं ती पाण्यांत शिरली, चार हात पोहली, आणि वळून आमच्याकडे पाहूं लागली. मुलाचें उत्तर अडलें कीं फळ्यावर पुढची पायरी लिहून टाकण्याची माझी जुनी संवय मला त्या क्षणीं आठवली. किती मुलांना मीं असें हाताकडे पाहावयास लावलें असेल, कोण जाणे.

पण ज्या प्रसंगानें माझें मत बदललें तो निराळा. ऑक्टोबर महिना होता. सायंकाळीं शेजारच्या एका शिकाऱ्यानें लहान जातीच्या एका हरिणीवर गोळी झाडली. नेम किंचित् चुकला आणि ती जखमी होऊन रानांत गेली. त्यानें लगेच पाठलाग केला नाहीं. हांकललें तर जखमी जनावर दूर जातें. स्वस्थ सोडलें तर जवळच बसतें. दोन तासांनीं त्यानें ठकीला बोलावून घेतलें. गळ्यांत रुंद पट्टा, मागें लांब दोरी, आणि आम्ही तिघे कंदील घेऊन मागें. शेतांत वाऱ्यासारखी उधळणारी ती कुत्री आतां नाक जमिनीला लावून पावलापावलानें चालत होती. मला रक्ताचा एक थेंबहि दिसत नव्हता. मध्येंच ती चुकली, मागें आली, पुन्हां माग धरला. सुमारें सहाशें पावलांवर एका उन्मळलेल्या झाडामागें हरिणी होती. ती जिवंत होती. शिकाऱ्यानें तत्काळ तिचा शेवट केला. मीं मान फिरविली हें कबूल करतों.

मग त्यानें टोपी काढली, झाडाची एक हिरवी डहाळी मोडून त्या हरिणीच्या मुखांत ठेविली, आणि दुसरी ठकीच्या पट्ट्यांत खोंवली. 'शेवटचा घांस' असें त्या चालीचें नांव आहे. मरणाऱ्याच्या मुखीं तुळशीपत्र ठेवणाऱ्या लोकांतला मी. मला एकदम भरून आलें. शिकार चांगली असें मी त्या दिवसापासून म्हणूं लागलों नाहीं. पण जेथें शिकार होतेच, तेथें असा कुत्रा नसता तर ती हरिणी सकाळपर्यंत तळमळत पडली असती, हें मला नाकारतां येईना. तोंवर मीं या कुत्र्याला हिंसेचें साधन समजत होतों. त्या रात्रीं तो माणसाच्या चुकीची भरपाई करीत होता. जर्मनींत कित्येक प्रकारच्या शिकारींसाठीं असा शिकविलेला कुत्रा हाताशीं असणें कायद्यानेंच सक्तीचें आहे, तें योग्यच होय.

आतां मुंबईच्या प्रश्नाकडे वळूं. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला बंदी आहे. बंदूक न घेतां सशामागें कुत्रा सोडणें हीहि त्या कायद्याच्या व्याख्येंत शिकारच. म्हणजे या कुत्र्याला येथें त्याचें काम मिळणार नाहीं. शिवाय त्याचा पोशाख थंड देशाचा. मुंबईच्या दमट हवेंत ती लव भिजली कीं लवकर वाळत नाहीं, आणि केस भादरून टाकले तर राठ पोत बिघडतो. मेलेले केस हातानें उपटून काढावे लागतात. पण खरी अडचण केसांची नाहीं, मनाची आहे. दीडशें वर्षें ज्याला दिवसभर शोधण्यासाठीं निवडलें, तो सातव्या मजल्यावर काय शोधणार? तो चपला शोधील, गाद्या फाडील, आणि शेवटीं भिंतीकडे पाहत बसेल. आणि घरचीं माणसें म्हणतील, 'कुत्रा वाईट निघाला.' गणिताची आवड असलेल्या मुलाला चौदा वर्षें रिकाम्या वर्गांत कोंडून ठेवण्यासारखें तें आहे.

ज्याच्याजवळ थंड हवेचें ठिकाण, मोठें कुंपण घातलेलें आवार, आणि रोज दोन तास स्वतः चालण्याची तयारी आहे, त्यानें विचार करावा. हरवलेल्या वस्तु शोधणें, माणसाचा माग काढणें, पाण्यांतून वस्तु आणणें, अशीं निरुपद्रवी कामें या कुत्र्याला देतां येतात आणि तीं तो आनंदानें करतो. यांतलें कांहींच नसेल तर केवळ दाढी आवडली म्हणून त्याला आणूं नये.

माझ्या विद्यार्थ्याला मीं हेंच लिहिलें. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तो आज हें भाषण ऐकत असेल तर त्याला इतकेंच सांगावयाचें आहे : मुलाचा हट्ट चार दिवसांत निवेल, पिल्लाचें आयुष्य मात्र बारा-चौदा वर्षांचें असतें. तुमच्या इमारतीखालीं जीं गांवठी पिल्लें हिंडतात, त्यांना दाढी नाहीं. पण मुंबईची हवा त्यांना सोसते, आणि घराबाहेर जेवढें हिंडवाल तेवढ्यावर तीं समाधान मानतात. मुलाला घेऊन एकदां खालीं जा, आणि मग काय तें ठरवा.