गाडीतला बेस वाढवायचाय? सुरुवात दारापासून करा

नवी गाडी दारात आली की पेढे वाटून होतात, चाकाखाली लिंबू ठेवून होतं आणि आठवड्याभरात घरातली तरुण मंडळी निकाल देऊन मोकळी होतात: "गाडी मस्त आहे, पण बेस नाही!"

तक्रार खोटी नसते. सुट्टीत बडोद्याहून पुण्याला किंवा कोल्हापूरला निघालं की दिवसभर गाणीच सोबतीला असतात, आणि ती पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटली की प्रवासाची मजा जाते. मग कुणीतरी अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात जातं. तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर तयार असतं: "डिकीत बारा इंची वूफर टाकून देऊ, एकदम थिएटर!" हा उपाय चुकीचा नाही, पण तो शेवटचा आहे. तोच पहिला केला तर पैसे जातात, डिकी जाते, आणि गाणं होतं तसंच पोकळ राहून मागून नुसती धडधड ऐकू येते. म्हणून खिशात हात घालण्याआधी बेस म्हणजे काय आणि तो गाडीत हरवतो कुठे, हे समजून घेऊ.

बेस म्हणजे नेमकं काय?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यातला २०० हर्ट्झच्या खालचा भाग म्हणजे ढोबळमानाने बेस. आपल्या ओळखीची उदाहरणं घ्यायची तर काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर बोलते. डग्ग्याचा 'घे', पखवाजाची धुमाळी, गणपतीतल्या ढोलाचा दणका, हे सगळं याच तळमजल्यावर राहतं.

मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवरही डग्गा ओळखू येतो, ही मोठी गंमत आहे. तो खालचा स्वर त्या स्पीकरला काढताच येत नाही. पण त्या स्वराच्या वरचे स्वरांश ऐकून आपला मेंदू खालचा स्वर मनानेच भरून काढतो. कंपनीच्या साध्या सिस्टीमवर गाणं ऐकताना थोडंफार हेच होतं. बेस डोक्याला कळतो, छातीला जाणवत नाही.

मग तो हरवतो कुठे?

पहिलं कारण ताकदीचं. डेकच्या माहितीत '४ × ५० वॅट' असं लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा कमाल आकडा झाला. इंजिन चालू असताना गाडीत १४ व्होल्टच्या आसपास वीज असते, आणि तेवढ्यावर नेहमीच्या ४ ओमच्या स्पीकरला आवाज न फाटता सलग मिळतात जेमतेम १८ ते २० वॅट. गाणाऱ्याच्या गळ्याला ते भरपूर झाले. पण एक सप्तक खाली उतरलं की तेवढाच मोठा आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. छोटं लोहचुंबक आणि पातळ पडदा असलेल्या स्पीकरला ते झेपत नाही.

दुसरं कारण दाराचं, आणि तेच सगळ्यात दुर्लक्षित. पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटल्या तर बेसच्या भागात त्या एकमेकींना खाऊन टाकतात. घरच्या स्पीकरला लाकडी पेटी असते ती या दोघींना वेगळं ठेवण्यासाठी. गाडीत पेटीचं काम दाराला करावं लागतं, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला तर काचेच्या यंत्रणेसाठी ठेवलेली मोठमोठी भोकं असतात. पुष्कळ गाड्यांत त्यांवर फक्त प्लास्टिकचा पातळ कागद असतो. वर बाहेरचा पत्रा स्वतःच थरथरतो. म्हणजे स्पीकर बेस तयार करतो आणि दार तो गिळतं.

तिसरं कारण रस्त्याचं. टायरची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतली असते आणि ती गाण्यातला बेस झाकून टाकते. उभ्या गाडीत बरा वाटणारा बेस हायवेवर गायब होतो तो यामुळे.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते, म्हणजे गाडीच्या आतल्या जागेपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे बंद गाडीत अगदी खालचे स्वर आपोआप उचलले जातात. दिवाणखान्यात लागेल त्याहून बराच लहान वूफर गाडीत पुरतो. बारा इंचांचा हट्ट कशाला, हे इथेच लक्षात येईल.

आधी फुकटातले उपाय

इक्वलायझरमध्ये बेसचा काटा शेवटपर्यंत नेऊ नका. दर ३ डेसिबल वाढीला दुप्पट ताकद लागते, ६ डेसिबलला चौपट. वीस वॅटच्या डेककडे ती नसते, म्हणून आवाज फाटतो. बेस दोन-तीन घरंच वाढवा आणि मधले व वरचे स्वर एक-दोन घरं कमी करा.

मग बॅलन्सची परीक्षा घ्या. आवाज पूर्ण डावीकडे न्या, पूर्ण उजवीकडे न्या आणि शेवटी मधोमध आणा. मधोमध आल्यावर बेस भरायला हवा. उलट तो पातळ झाला, तर एका बाजूच्या स्पीकरची प्लस-मायनस तार उलटी जोडलेली आहे असं समजा. एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. माझ्या मावसभावाच्या जुन्या गाडीत असंच निघालं. आधीच्या मालकाने कुठेतरी स्पीकर बदलून घेतले होते. मावसभाऊ नव्या वूफरचे भाव विचारत फिरत होता, आणि काम दोन तारांच्या अदलाबदलीवर भागलं.

खडखडाटही शोधा. दाराच्या कप्प्यातली नाणी, पाण्याची बाटली, मागचा पार्सल ट्रे, नंबर प्लेट हे सगळं बेससोबत वाजतं आणि आपण दोष स्पीकरला देतो. प्लेटमागे फोमची एक पट्टी लावली तरी फरक पडतो.

दार बंद करा, खऱ्या अर्थाने

पैसे खर्च करायचेच असतील तर पुढच्या दोन दारांपासून सुरुवात करा. दाराचं पॅनल उघडून बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबराचे अ‍ॅल्युमिनियम लावलेले तुकडे चिकटवतात. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते. स्पीकरच्या मागे आणि पत्र्याच्या मोकळ्या मधल्या भागात लावले तरी थरथर बरीच थांबते. नंतर आतल्या पत्र्याची भोकं झाकायची आणि स्पीकरभोवती फोमची रिंग बसवायची, म्हणजे हवा फटीतून निसटत नाही.

दोन सूचना काम करणाऱ्याला आधीच द्या. एक, दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी राहिली पाहिजेत. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतंच. त्याची वाट अडली तर दार आतून गंजेल. दुसरी, स्वस्त डांबरी शीट नको. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ते मऊ होऊन सुटतं आणि वासही मारतं.

यानंतरही पडदाच कमजोर वाटला तर पुढचे स्पीकर बदला. खोक्यावरचा '३०० वॅट' हा आकडा विसरा आणि दोन गोष्टी विचारा: सलग किती वॅट, आणि सेन्सिटिव्हिटी किती डेसिबल? डेक तोच ठेवणार असाल तर सेन्सिटिव्हिटी महत्त्वाची. ८९ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद घेतो. नुसता जड आणि महागडा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरशिवाय लावला तर बेस आधीपेक्षा कमीही होऊ शकतो.

सीटखाली की डिकीत?

एवढं करून तळाचा बेस हवा असेल तर वूफरकडे वळा. पुढच्या सीटखाली बसणारे चपटे वूफर मिळतात. त्यांच्यातच अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि डिकी मोकळी राहते. आपल्या गुजरातेत घरोघरी सीएनजीच्या गाड्या आहेत. डिकीत टाकी असेल तर हाच पर्याय शहाणपणाचा. घेण्याआधी सीट पूर्ण पुढे-मागे करून जागा मोजा, मागच्यांसाठीची एसीची वाट अडत नाही ना ते पाहा, आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना कुणालाही हात लावू देऊ नका. त्या एअरबॅगच्या तारा असतात.

डिकीतला डबा जास्त खोल वाजतो, पण जागा खातो. बलेनोसारख्या गाडीची डिकी ३१८ लिटरची. दहा इंची बंद डबा त्यातले तीसेक लिटर सहज घेतो, आणि हवेचं तोंड असलेला बारा इंची डबा त्याच्या दुप्पट. बंद डब्याचा बेस नेटका आणि आटोपशीर, तोंडवाल्याचा मोठा. तबला, भजन, जुनी गाणी आणि नवी गाणी असं सगळं ऐकणाऱ्या घराला बंद डबा मानवतो. तो पट्ट्याने घट्ट बांधून घ्या. करकचून ब्रेक लागला तर सुटा डबा मागच्या सीटवर आदळेल. आणि स्टेपनी त्याच्याखाली अडकत नाही ना, हे रात्री हायवेवर पंक्चर होण्याआधी तपासा.

तारेत तडजोड नाही

बेसमध्ये थोडी कसर राहिली तर चालेल, वायरिंगमध्ये नाही. अ‍ॅम्प्लिफायरची मुख्य तार थेट बॅटरीपासून यावी आणि तिच्यावर बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असावा. पुढे कुठे तार घासून पत्र्याला लागली तर फ्यूज उडेल. तो नसेल तर तार पेट घेईल. बोनेटमधून आत येताना तार रबरी बुशातूनच यावी. अर्थिंगची तार आखूड असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट बसवावी.

फ्यूजचा हिशेब सोपा आहे. खरोखर ३०० वॅट देणारा डी क्लास अ‍ॅम्प्लिफायर साधारण २७ अ‍ॅम्पियर ओढतो, म्हणून ३० चा फ्यूज आणि तेवढा भार पेलणारी शुद्ध तांब्याची तार. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत कमी वीज पेलते.

कंपनीच्या तारा कापू देऊ नका. तुमच्या गाडीचा कपलर मिळतो, तो मध्ये जोडायचा. त्यामुळे वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत केशरी तारांच्या आसपाससुद्धा कुणाला काम करू देऊ नका. त्यांत जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज असतं.

लावल्यावर जुळवणी

वूफरवरचा लो-पास ८० हर्ट्झच्या जवळ ठेवा, म्हणजे गायकाचा आवाज सीटखालून येणार नाही. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. डेकचा आवाज तुमच्या नेहमीच्या मोठ्या पातळीवर ठेवा आणि गेन हळूहळू वाढवत बेस गाण्यात मिसळला की थांबा. फेजचं बटण दोन्हीकडे करून पाहा. ज्या बाजूला बेस भरदार वाटेल ती बरोबर. परीक्षेला तबल्याची साथ असलेलं ओळखीचं गाणं लावा. डग्ग्याची मींड सलग आणि समोरून आल्यासारखी वाटली, वूफर कुठे ठेवलाय हे नव्या माणसाला सांगता आलं नाही, तर जुळवणी जमली.

किती मोठा?

अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. बंद गाडीत वूफरसह १०० गाठणं अजिबात अवघड नाही. आणि झालेलं कानाचं नुकसान भरून येत नाही.

बेसची लाट पत्र्यातून आणि भिंतीतून सहज पार होते. गाडीत तुम्हाला गाणं ऐकू येतं, सोसायटीतल्यांना फक्त धडधड. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. गल्लीत शिरताना आवाज कमी करायला एवढं कारण पुरे. आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू यायलाच हवा, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी सेटिंग आणि तारा, मग दार, मग स्पीकर, आणि अगदी शेवटी वूफर. प्रत्येक पायरीनंतर आठवडाभर ऐका. अनेकांचं काम दारापाशीच होऊन जातं आणि उरलेले पैसे प्रवासाला कामी येतात. पुरे झालं की नाही हे मात्र ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवू नका. डब्याच्या सगळ्यात जवळ मागे बसलेले आजी-आजोबा आणि लहानगी असतात. त्यांना विचारा, आणि ते म्हणतील तिथे काटा ठेवा.