‘नुसती गंमत केली हो!’

खुळा, वेडगळ, चक्रम, अर्धवट, सर्किट! चारचौघांहून निराळे वागणाऱ्या माणसासाठी मराठीने शब्दांची मुळीच काटकसर केलेली नाही. मराठीचा अध्यापक या नात्याने भाषेच्या या श्रीमंतीचे मला एरवी कौतुकच वाटले असते. परंतु हेच शब्द दहा वर्षांच्या एका मुलाच्या मागे लागलेले मी रोज ऐकतो, तेव्हा ही श्रीमंती नकोशी होते.

आमच्या सोसायटीतला हा मुलगा स्वमग्न आहे. डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात, तीच ही स्वमग्नता. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अशा अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि वैद्यकाचे लक्ष या अवस्थेकडे वेधले गेले. हा संसर्गाने होणारा रोग नव्हे, आणि आईबापांच्या हयगयीचे फळ तर नव्हेच नव्हे. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच निराळी. कुणी अखंड बोलतो, तर कुणी मुळीच बोलत नाही. कुणाला कुकरची शिट्टी सोसत नाही, तर कुणाला रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ असते.

आपला ‘स्वमग्न’ हा शब्द मात्र थोडा फसवा आहे. जो स्वतःतच मग्न, त्याला सोबती कशाला हवेत, असे आपण धरून चालतो. वास्तविक यांतल्या पुष्कळ मुलांना मित्र हवे असतात, अगदी मनापासून हवे असतात. मैत्री जमवावी कशी, एवढेच त्यांना उमगत नाही. आणि इतर मुलांना संधी सापडते ती नेमकी येथेच.

आपण बोलतो एक आणि आपल्या मनात असते दुसरेच. वाक्प्रचार, उपरोध, थट्टा यांचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. अनेक स्वमग्न मुलांच्या लेखी मात्र शब्द म्हणजे शब्द. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून आपण गेलो, की सहाव्या मिनिटाला ती कासावीस होतात. आमच्या या मुलाला सवंगड्यांनी एकदा सांगितले, ‘तू आमचा मित्र ना? मग वॉचमनकाकांची टोपी पळवून आण.’ त्याने आणली. बोलणी अर्थात त्यालाच बसली. मुले जिन्याआड पोट धरून हसत होती, आणि त्यांच्याकडे पाहून तोही हसला. मित्र हसले म्हणजे आपले काम चोख झाले, असा त्याचा सरळ हिशेब! विचारायला गेले, तर मुलांचे उत्तर तयार होते, ‘नुसती गंमत केली हो, काका!’

दुसरी गंमत याहून वाईट. मोठा आवाज सोसत नाही हे एकदा कळले, की कानाशी फुगा फोडायचा, बाक आपटायचे, शिट्ट्या मारायच्या. अखेर तो किंचाळतो, कानांवर हात दाबून जमिनीवर बसतो, एखादे वेळी हातही उगारतो. बाई फळ्याकडून वळतात त्या याच क्षणी. त्यांना किंचाळी ऐकू येते, आधीचा फुगा दिसत नाही. डायरीत शेरा पडतो तो याच्या नावावर, आणि त्यावर सही करायची ती त्याच्या आईने. घडले ते सांगण्याइतके शब्द ऐन वेळी त्याच्यापाशी नसतात.

अशा मुलांच्या आईवडिलांनी ‘आज काय झाले?’ असे मोघम विचारून सहसा काही हाती लागत नाही. ‘मधल्या सुट्टीत डबा कुणाजवळ बसून खाल्लास?’ असे नेमके विचारावे. वह्या फाटू लागल्या, वस्तू हरवू लागल्या, सकाळी शाळेच्या नावाने पोटात दुखू लागले, तर त्याला हट्ट न समजता चौकशी करावी.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु दहा वर्षांच्या पोरांवर कायद्याचा बडगा उगारावा, असे कुणी म्हणणार नाही. उपाय अधिक जवळ आहे.

कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये संशोधकांनी मैदानावरील मुलांचे चित्रण करून ते बारकाईने तपासले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले, की छळाच्या दर दहा प्रसंगांपैकी जवळजवळ नऊ प्रसंगी इतर मुले हजर होती. मध्ये पडले ते मात्र सुमारे पाचांतल्या एकाच प्रसंगी. पण जेव्हा कुणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला! हा अभ्यास सर्वच मुलांच्या छळाचा होता, परंतु स्वमग्न मुलाच्या बाबतीत तो अधिकच ध्यानात घ्यावा. त्याची फजिती करायची ती बघ्यांना हसवण्यासाठी, आणि तो स्वतः तक्रार करू शकत नाही. हसणाऱ्यांतला एखादा जरी म्हणाला, ‘ए, पुरे रे, चल आपण खेळू’, तरी खेळाचा रंग उतरतो.

तो एखादा आपल्या घरचा असावा, एवढे आपल्या हाती आहे. सोसायटीत फटाके उडणार असतील, तर अशा मुलाच्या घरी वेळ आधी कळवावी, आणि त्याच्या खिडकीपासून दूर उडवावेत. किल्ला करताना त्यालाही बोलवावे, आणि काय करायचे ते सोप्या शब्दांत सांगावे. मावळे एका रांगेत मांडण्याचे काम तो इतरांपेक्षा कदाचित चोख करील.

आपल्या मुलाला कुणी त्रास देते का, हे आपण सारेच विचारतो. आपले चिरंजीव त्रास देणाऱ्यांत किंवा हसणाऱ्यांत तर नाहीत ना, हे विचारायचे मात्र राहून जाते. यंदा फराळाला सारे घर एकत्र बसेल, तेव्हा न रागावता तेवढे विचारावे, आणि येणारे उत्तर शांतपणे पुरते ऐकून घ्यावे.