ज्ञापकत्व : एका जखमी मेंदूची वही



चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगताना रुग्णाचे चार गुण नोंदविले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. विद्यार्थिदशेत ही यादी आपण सर्वांनी पाठ केली आणि परीक्षा संपताच बहुतेकांनी सोडून दिली. शिरोमर्मावर आघात झालेला रुग्ण समोर येऊन बसतो, तेव्हा मात्र ती पुन्हा आठवते. कारण त्याची स्मृतीच हरपलेली असते. सांगितलेला उपचार लक्षात राहत नाही, म्हणून निर्देशकारित्व ढळते. गर्दीत जाण्याची, रस्ता ओलांडण्याची भीती वाटू लागते. आणि आपल्याला नेमके काय होते आहे हे सांगावे, तर शब्द सापडत नाही.

या चौथ्या गुणाविषयी, म्हणजे ज्ञापकत्वाविषयी, लिहिताना एका रशियन सैनिकाची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. ल्येव झासेत्स्की हा तंत्रशिक्षण घेणारा तरुण दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर गेला. मार्च १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या परिसरात त्याच्या मेंदूच्या डाव्या मागच्या भागात गोळी शिरली. प्राण वाचले, परंतु उजव्या बाजूचे दिसेना. अक्षरओळख पुसली गेली. वस्तू ओळखता येई, तिचे नाव मात्र ओठांवर येईना. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' या दोन शब्दप्रयोगांतला भेद त्याला काही केल्या उमगत नसे. मज्जामानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी त्याच वर्षी त्याला प्रथम पाहिले आणि पुढे तीन दशकांच्या आसपास त्याचा पाठपुरावा केला.

लिहिण्यास तो नव्याने शिकला, ती रीत आपण ध्यानी घ्यावी अशी आहे. एकेक अक्षर आठवून काढू पाहिले की हात थांबे. तेव्हा, अक्षरांचा विचार न करता, हात न उचलता सबंध शब्द एका झपाट्यात लिहावयास त्याला सुचविण्यात आले. आणि शब्द उमटला. डोळ्यांना जे आठवत नव्हते, ते हाताच्या जुन्या सवयीत शाबूत होते. गंमत अशी, की स्वतः लिहिलेले वाचताना मात्र त्याला एकेक अक्षर जुळवीत बसावे लागे. दिवसभराच्या कष्टानंतर कधी अर्धे पान, कधी एक पान पदरात पडे. अशा गतीने त्याने सुमारे पंचवीस वर्षांत तीन हजारांच्या आसपास पाने लिहिली. व्याधी फारशी हटली नाही. वाचन आणि स्मृती अखेरपर्यंत अधूच राहिली. मेंदूचा पुढचा भाग मात्र अबाधित होता. त्यामुळे आपले काय गेले याची जाणीव आणि ते परत मिळविण्याची जिद्द ही दोन्ही टिकली, असे लुरियांनी स्पष्ट केले आहे. त्यांनी या लिखाणाच्या आधारे १९७१ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या रशियन नावाचा अर्थ 'हरवलेले आणि परत मिळालेले जग' असा होतो. पुढच्याच वर्षी निघालेल्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकात केवळ विखुरलेले जग उरले, परत मिळालेले गळून गेले! आपणही रुग्णपत्रिका अशाच लिहीत नाही ना, अशी शंका मला येते.

माझ्यापुरती तरी ती खरी आहे. दुचाकीवरून पडून डोक्यास मार लागलेले एक शिंपीकाम करणारे गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी माझ्याकडे आले. मी त्यांना म्हणालो, "जीव वाचला, हे काय थोडे झाले? देवाचे आभार माना." ते काही बोलले नाहीत. पत्नीकडे पाहून मान खाली घातली. बाहेर पडताना ती बाई एवढेच म्हणाल्या, "वैद्यराज, हे सगळेच सांगतात त्यांना." सत्त्वावजय चिकित्सेच्या नावाखाली मी एका खचलेल्या माणसावर कृतज्ञतेचे ओझे लादले होते.

पुढच्या भेटीत मी त्या बाईंना एक साधी वही घालावयास सांगितले. औषध, झोप, मलप्रवृत्ती यांच्या नोंदी हव्यातच. शिवाय रोज रात्री, काल न जमलेली आणि आज जमलेली एक गोष्ट लिहावी. काही जमले नसेल, तर तसेही लिहावे. आरंभी नोंदी बाईंच्याच हातच्या होत्या : 'शर्टाची बटणे स्वतः लावली, दोन चुकीच्या काजात गेली.' 'दूधवाल्याचे नाव त्याला पाहताच आठवले.' मधे अकरा दिवस कोरे. मग एका पानावर त्यांच्या स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत : 'सुईत दोरा ओवला.' त्या दिवशी त्यांनी मला आपण होऊन नमस्कार केला. मी आभार मानायला सांगितले तेव्हा जे आले नव्हते, ते या चार इंच दोऱ्यामुळे आले.

औषधीविक्रेत्या मित्रांना येथे एक विनंती आहे. 'डोक्याला मार लागला आहे, स्मरणशक्तीचे काही द्या' म्हणणाऱ्यास ब्राह्मीघृताची बाटली परस्पर देऊ नये. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, झापड, झटका, एका अंगाची कमजोरी यांपैकी काही दिसल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात धाडावे. झटक्यांवरील चालू गोळ्या आपल्या सांगण्यावरून कोणीही बंद करता कामा नये. मेध्य रसायनांचा विचार पुढे, शल्यचिकित्सकाच्या संमतीने आणि अग्निबल पाहून व्हावा. सहा आठवड्यांत स्मृती परत आणण्याचे आश्वासन तर कोणीच देऊ नये. सातव्या आठवड्यात रुग्ण स्वतःलाच दोष देऊ लागतो.

त्या गृहस्थांची वही अद्याप चालू आहे. माप घेताना आकडे अजून निसटतात, म्हणून गिऱ्हाइकाचे माप त्यांचा मुलगा लिहून घेतो. गेल्या महिन्यात ते आले, तेव्हा वही उघडून माझ्यासमोर सरकवली. आदल्या दिवशीची नोंद त्यांच्याच हातची होती : 'सदऱ्याची बाही उलटी बसवली. माझी मलाच चूक दिसली. उसवून सरळ लावली.'