हातउसन्या गप्पा

‘काय, कसं चाललंय?’ या प्रश्नाला मराठीत एक ठरलेलं उत्तर आहे: ‘चाललंय.’ प्रश्नातलंच क्रियापद उचलून परत केलेलं. वरवर पाहता त्यात माहिती शून्य. पण तयार कानाच्या मित्राला त्यातही पायऱ्या ऐकू येतात. ‘मजेत’ म्हणणाऱ्याचा पगार वेळेवर झालेला असतो. ‘ठीक’ म्हणणाऱ्याच्या घरी कुणाचं तरी दुखणं निघालेलं असतं. ‘चाललंय’ हे जरा लांबवून, नजर रस्त्याकडे वळवून म्हटलं की एखादा हप्ता थकलाय असं समजावं; आणि गडी ‘ढकलतोय झालं’वर आला, की घरातल्या बांगड्या तारणाला गेलेल्या असण्याचीही शक्यता धरावी. या उत्तरापासून खऱ्या हकिगतीपर्यंत पोचायला टपरीवर साधारण दोन कटिंग आणि पाऊण तास लागतो. मधल्या वेळात मुलीची दहावी, सोसायटीचं रखडलेलं रिडेव्हलपमेंट, आईचा गुडघा, साहेबाचा स्वभाव असं सगळं बोलून होतं. बघणाऱ्याला वाटतं, हे रिकामटेकडे लोक आहेत. माझ्या मते मात्र पैशाची अडचण बोलून दाखवण्याची आणि निभावून नेण्याची सोय त्या पाऊण तासातच होते. तो कापला तर कर्ज, नोकरी आणि बचत हे तिन्ही व्यवहार महाग पडतात.

याचं कारण ‘उसनं’ या शब्दात आहे. उधार वेगळं, उसनं वेगळं. उधारी दुकानदाराच्या वहीत चढते. उसनं शेजारणीच्या वाटीतून येतं. वाटीभर साखर आणली तर वाटीभरच परत करायची, व्याज नाही आणि तारीखही नाही. हाच प्रकार पैशाचा झाला की त्याला ‘हातउसने’ म्हणतात, आणि धनादेश न वटल्याच्या खटल्यांच्या कागदांतही हा घरगुती शब्द जसाच्या तसा येऊन बसलेला असतो. आता कागद नाही, तारण नाही, व्याज नाही, तर देणारा कशाच्या भरवशावर देतो? त्याला माणसाची चालू माहिती असते. नोकरी टिकून आहे का, घरात आजारपण किती दिवसांचं, भावाबरोबरचा जमिनीचा वाद कुठवर आला. बँक यासाठी सिबिलचा ३०० ते ९०० मधला एक आकडा पाहते. मित्राकडचा आकडा चहाच्या प्रत्येक फेरीला नव्याने लिहिला जातो. शिवाय ही माहिती मागणाऱ्यालाही तितकीच लागते, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. ज्याच्या मुलाची फी याच महिन्यात भरायची आहे त्याच्यापुढे हात पसरला तर दोघांचीही पंचाईत होते. गप्पांमुळे कुणाकडे मागायचं हे कळतं, त्याहीपेक्षा कुणाकडे मागायचं नाही हे कळतं. नकार देण्याची वेळच न येणं हा मैत्रीतला मोठा नफा आहे.

हे नुसतं भाबडं म्हणणं वाटू नये म्हणून कोलकात्याचा दाखला बघू. बेंजामिन फायगनबर्ग, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या एका सूक्ष्म वित्तसंस्थेच्या पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्या बायकांचे गट पाहिले. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. काही गटांनी हप्ता भरायला दर आठवड्याला जमायचं, काहींनी महिन्यातून एकदा. कुणी कधी जमायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं योगायोगाने ठरवलेलं. या बायका एकमेकींना जामीन नव्हत्या, एकीचा हप्ता चुकला म्हणून दुसरीच्या खिशाला चाट बसत नव्हती. तरीही पुढच्या कर्जाच्या वेळी, आठवड्याला भेटलेल्या बायकांच्या तुलनेत महिन्याला भेटलेल्या बायकांत कर्ज बुडण्याचं प्रमाण तिपटीहून अधिक निघालं. शिस्तीमुळे असं झालं असेल, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. पण आठवड्याला भेटणाऱ्या बायका पुढे बैठकीबाहेरही एकमेकींकडे जास्त जाऊ-येऊ लागल्या, आणि संशोधकांनी सोडतीची तिकिटं देऊन ‘हवं तर गटातल्या कुणाला द्या’ म्हटल्यावर त्यांनी ती जास्त वाटली. हप्ता गोळा करायला माणूस येईपर्यंत त्या सतरंजीवर बसून काय बोलत असतील, याची कल्पना मराठी वाचकाला बचत गटाच्या बैठकीवरून सहज करता येईल. बैठकीचा अजेंडा दहा मिनिटांत संपतो. बाकीचा वेळ सासू, भाजी आणि रेशन कार्डाचा असतो, आणि कर्ज फिटतं ते या बाकीच्या वेळामुळे.

दुसरा दाखला अहमदाबादचा. स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या सेवा बँकेने आपल्या ग्राहक बायकांसाठी दोन दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण ठेवलं होतं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना सांगितलं, मैत्रिणीला घेऊन या. शिकवणं तेच, शिकवणारे तेच. चार महिन्यांनी पाहिलं तर मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी धंद्यासाठी कर्ज घेतलं होतं, त्यांचं काम वाढलं होतं, घरातलं उत्पन्नही वाढलं होतं. एकट्या आलेल्यांत असा फरक दिसला नाही. ज्यांच्या घरी बाईने बाहेर पडण्यावर बंधनं जास्त, त्यांना मैत्रिणीचा उपयोगही जास्त झाला. वर्गातलं ज्ञान दोघींच्या कानावर पडलं होतं; परतीच्या वाटेवर ‘तू घेणार का कर्ज? मग मीही घेते’ असं म्हणायला एकीजवळच माणूस होतं.

नोकरीचंही तसंच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणांना ती ओळखीतून मिळाली होती; आणि त्यातही रोज भेटणाऱ्या जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. रोजच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. मुंबईच्या गिरणगावाला हे सांगायला १९७०च्या दशकातल्या अमेरिकी पुस्तकाची गरज नव्हती. गिरणीत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, शब्दावर व्हायची, आणि जॉबर कुठल्या गावचा, कुठल्या चाळीत राहतो, कुठल्या खाणावळीत जेवतो, हे कळण्याची जागा म्हणजे चहाचं दुकान, व्यायामशाळा आणि गल्लीचं तोंड. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलंय, की मुंबईच्या गिरणीकामगाराचं काम आणि त्याची वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. काम सुटलं तरी दुकानाची उधारी आणि खोलीतली जागा वस्तीतल्या ओळखीवर टिकत असे. खाणावळ चालवणाऱ्या बायकाही महिनाभर आधी जेवू घालायच्या आणि पगारानंतर पैसे घ्यायच्या. त्याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा बँकेपुढे ठेवायला त्या बायकांकडे एकमेकींची ओळख सोडून दुसरं काहीही नव्हतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ही ओळख कुणाची कुणाशी? गाववाल्याची गाववाल्याशी, जातवाल्याची जातवाल्याशी. गप्पांतून नोकरी मिळते हे खरं असेल, तर ज्याला त्या कट्ट्यावर बसायलाच जागा नाही त्याला ती मिळणार नाही, हेही तितकंच खरं. गिरण्यांत दलित कामगारांना बराच काळ विणाई खात्यात घेतलं जात नव्हतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ. शिवाय आत बसलेल्यालाही ही ओळख अडकवून ठेवते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांत वीस वर्षांत दाखल झालेल्या मुलामुलींचा अभ्यास २००६ मध्ये मांडला. ज्या जातींतल्या पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीतून कष्टाच्या नोकऱ्या मिळत आल्या, त्या जातींतली मुलं नव्वदीनंतरही मराठी माध्यमात जात राहिली, कारण पुढची वाट ठरलेली होती. त्याच घरांतल्या मुली मात्र झपाट्याने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. मुलींसाठी कट्ट्यावर कुणी नोकरी राखून ठेवलेली नव्हती, म्हणून त्यांना मोकळीक मिळाली. हा निष्कर्ष माझ्या मुद्द्याला टोचतो, हे मान्यच करायला हवं. मात्र कट्टा मोडला की हा दोष जाईल, असं मला वाटत नाही. ओळखीचा उपयोग करणारे वरच्या वर्गातले लोक क्लबात आणि लग्नाच्या पंगतीत भेटतच राहतात. कट्टा मोडून नुकसान होतं ते ज्यांच्याकडे दुसरं काही नाही त्यांचं. ग्रॅनोव्हेटरचा ‘अधूनमधून भेटणारा’ माणूस इथे उपयोगी पडतो. कारखान्यातला, लोकलमधला, मुलाच्या शाळेबाहेर भेटणारा मित्र जातीच्या आणि गावाच्या कुंपणाबाहेरून आलेला असतो, आणि आपल्या गल्लीत न पोचलेली बातमी त्याच्याकडे असते.

दुसरा आक्षेप रोजच्या अनुभवातला आहे. मित्र भेटले की तुलना सुरू होते. नेदरलँड्समध्ये एका पोस्टकोडच्या लॉटरीत गल्लीतल्या सगळ्या तिकीटधारकांना एकदम बक्षीस लागायचं आणि बीएमडब्ल्यू गाडीही मिळायची. तिथे असं दिसलं, की ज्यांनी तिकीट काढलंच नव्हतं अशा शेजाऱ्यांकडेही पुढे नवी गाडी येण्याचं प्रमाण वाढलं. आपल्याकडे गाडीइतकाच धोका शेअर बाजारातल्या ‘टिप’चा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं, की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी तीन वर्षांत पैसे घालवले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. यातले कितीतरी जण कुठल्याशा मित्राच्या ‘महिन्यात डबल’ ऐकून आत शिरले असतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बारकाईने पाहा, यात कुठली बातमी पसरते? नफ्याची. ज्याला चाळीस हजार मिळाले तो पार्टी देतो. ज्याचे दोन लाख गेले तो कट्ट्यावर येईनासा होतो आणि ग्रुपवर गणपतीचा फोटो टाकतो. म्हणजे पहिला सौदा सांगितला गेला, शेवटचा सांगितला गेला नाही. ९३ टक्क्यांचा तोटा त्यांच्याच मित्रमंडळींत मोकळेपणाने बोलला गेला असता, तर सेबीला अहवाल काढायची घाई पडली नसती. गोड बातमी एका मिनिटात सांगून होते, कडू बातमीला तो पाऊण तास लागतो. आणि आपण पाऊण तास कापून मिनिट तेवढं ठेवलं आहे.

‘पैसा आला की मैत्री गेली’ हे वाडवडिलांचं सांगणंही इथे येईलच. हातउसन्या पैशासाठी साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. ही मुदत संपते तेव्हा बहुतेक वेळा पैशाबरोबर माणूसही गेलेला असतो. पण हा क्रम उलगडून बघण्यासारखा आहे. देणेकरी आधी येणं बंद करतो. मग फोन उचलत नाही. देणाऱ्याला रकमेपेक्षा हे जास्त लागतं, कारण आता त्याच्याकडे काहीच बातमी नसते: नोकरी गेली, की हा मुद्दाम टाळतोय? जो दर रविवारी येऊन ‘अजून जमलं नाही रे’ म्हणतो त्याचे पैसे उशिरा येतील, पण भांडण सहसा होत नाही.

राहिला फोन. रोज बोलतो की, मग भेटायचं कशाला? मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचं एक निरीक्षण आहे, की एका गप्पेत साधारण चार माणसं मावतात. पाचवा आला की थोड्या वेळात गप्पेचे दोन तुकडे होतात. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर बासष्ट जण असतात. आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वी हेरलेला आहे: एखादी गोष्ट चौघांत सांगता येते, चारचौघांत नाही. ग्रुपवर प्रसंग कळतात, म्हणजे वाढदिवस, निधन, निकाल. प्रसंगांच्या मधलं जे रोजचं रडगाणं, ते बासष्ट जणांपुढे कोण गाणार?

या बाबतीत बायकांनी पुरुषांपेक्षा बरी व्यवस्था लावलेली दिसते, आणि तिचं नाव भिशी. बारा जणी, महिन्याला प्रत्येकीचे दोन हजार, दर महिन्याला एकीला चोवीस हजार. बाराव्या महिन्यापर्यंत कुणाला ना नफा ना तोटा. अर्थशास्त्राच्या काटेकोर हिशेबात तर शेवटी नंबर लागणारीला व्याज बुडाल्याचं नुकसानच. तरी ती येते. चर्चगेटहून १९९२ मध्ये महिला विशेष लोकल सुरू झाली, तिच्या डब्यांतही भिश्या लागल्या, मटार सोलता सोलता. यात एक अलिखित सवलत असते: एखादीच्या घरी ऑपरेशन असेल तर चिठ्ठी न काढता त्या महिन्याचे पैसे तिला द्यायचे. कुणाच्या घरी ऑपरेशन आहे, हे बारा जणींना आधीपासून माहीत असतं म्हणूनच तर हे जमतं. पुरुषांच्या कट्ट्याला अशी तारीख नसते. लग्न, बदली, मुलांचे क्लास यांत तो कधी विरला ते त्यांनाही सांगता येत नाही.

आता भिशीचे पैसेही यूपीआयने जातात आणि नंबर काढून देणारी ॲप आहेत. एवढ्यासाठी कुणी कुणाच्या घरी जायची गरज उरलेली नाही. तरी महिन्याच्या ठरलेल्या दुपारी बारा जोडी चपला दाराबाहेर दिसतात, वेफर्स आणि ढोकळा येतो, पैसे आधीच पाठवून झालेले असतात, आणि साडेपाच वाजता कुणाची तरी धाकटी मुलगी स्टीलच्या डब्यात हात घालून एक घडी घातलेला कागद वर काढते. तोवर तीन तास झालेले असतात.