काळ्या मातीत फिरणाऱ्या बाईकची चाकं कशी धुवायची?

आमच्या राळेगाव भागात ज्याचं वावर आहे त्याला हे नवीन नाही. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरून बाईक नेली की थोड्याच अंतरात मडगार्ड मातीनं भरतं आणि चाक जाम होतं. मग काडीनं माती काढायची आणि पुढं निघायचं. बरेच जण घरी आल्यावर बाईक तशीच उभी करतात. पण चाक धुणं हा चमकवण्याचा विषय नाही, तो ब्रेकचा विषय आहे. म्हणून हे जरा समजून घेऊ.

ही माती एवढी का चिकटते?

आपली काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून बनली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण अतिशय बारीक असतात, ते पाणी धरून फुगतात आणि चिकट होतात. वाळल्यावर हीच माती आकसून दगडासारखी कडक होते. त्यामुळे ओली असतानाच ती काढणं सोपं जातं. वाळली असेल तर खरवडू नका. आधी पाणी मारा, १०-१५ मिनिटं भिजू द्या, मग काढा. खरवडल्यानं रिमचा रंग जातो आणि तिथं गंज धरतो.

धुण्याची पद्धत

१. इंजिन बंद करा, चावी काढा, बाईक डबल स्टँडवर लावा. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून मागचं चाक किंवा चेन पुसायची सवय अनेकांना असते. ती आजच सोडा. फडकं चेनमध्ये ओढलं गेलं तर त्यासोबत बोटंही जातात. न्यूट्रलमध्ये चाक हातानं फिरवा.

२. गाडी आताच चालवून आणली असेल तर डिस्क थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी मारू नका.

३. आधी मडगार्डच्या आतली माती लाकडी काडीनं काढा. नंतर वरून खाली पाणी सोडा.

४. बादलीभर पाण्यात थोडा गाडी धुण्याचा शाम्पू टाका आणि मऊ ब्रशनं रिम, तारा आणि हबजवळची जागा घासा. तारांच्या मुळाशी माती अडकून राहते, गंज तिथूनच सुरू होतो.

५. स्वच्छ पाणी मारा, कोरड्या फडक्यानं पुसा. चेन वाळल्यावर तिला तेल द्या, पण तेल टायर, डिस्क किंवा ड्रमवर उडू देऊ नका.

हे टाळा

डिझेल, रॉकेल: माती आणि ग्रीस लवकर निघतं खरं, पण ते डिस्क किंवा ब्रेक पॅडला लागलं तर ब्रेक घसरतो. टायरच्या रबरालाही ते वाईट.

संडास साफ करायचं ॲसिड: ॲलॉय व्हील ॲल्युमिनियमचं असतं, ॲसिडनं ते पांढुरकं पडून खराब होतं.

जोरदार प्रेशर: वॉशिंग सेंटरवर पाण्याचा झोत थेट हबवर धरू देऊ नका. बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत शिरतं, ग्रीस धुतलं जातं आणि काही दिवसांनी चाकातून घरघर आवाज येऊ लागतो.

एबीएस असेल तर

१ एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. अशा चाकात डिस्कजवळ खाचा असलेली एक रिंग आणि तिच्यासमोर एक छोटा सेन्सर असतो. चाक किती वेगानं फिरतंय हे तो मोजतो. दोघांमध्ये अगदी थोडं अंतर असतं, तिथं चिखल बसला तर मोजमाप चुकू शकतं. ती जागा मऊ ब्रशनं साफ करा, वायर ओढू नका. गाडी थोडी चालवल्यावरही मीटरवरचा एबीएसचा दिवा विझला नाही, तर मेकॅनिकला दाखवा. तोवर साधा ब्रेक लागतो, पण चाक लॉक होण्यापासून एबीएस वाचवणार नाही.

शेवटचं काम

धुतल्यावर लगेच हायवेला लागू नका. ड्रम असो की डिस्क, ओला ब्रेक कमी धरतो. मोकळ्या जागेत हळू चालवत पुढचा आणि मागचा ब्रेक हलका हलका दाबा. दोन्ही नेहमीसारखे धरायला लागले की मगच निघा. यवतमाळकडे जाणारा ट्रक समोर आल्यावर ही तपासणी करायला वेळ मिळत नाही.