व्हिला देस्ते : प्रबोधनकालीन उद्यानाचा इतिहास व जतनाचा प्रश्न

प्रबोधनकालीन युरोपचा आपल्याकडील अभ्यास बहुधा चित्र, शिल्प व वास्तू यांच्यापाशीच थांबतो. उद्यानकला उपेक्षित राहते. रोमनजीकच्या तिव्होली येथील व्हिला देस्ते या उद्यानाच्या संदर्भात, जतन करावयाचे ते नेमके कशाचे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१५५० मध्ये कार्डिनल दुसरा इप्पोलितो देस्ते तिव्होलीचा गव्हर्नर झाला. पोप होण्याची त्याची महत्त्वाकांक्षा कधीच सफल झाली नाही; उद्यान मात्र अजरामर ठरले. आराखडा पिर्रो लिगोरिओ या पुरातत्त्वज्ञाचा. (याच लिगोरिओने जवळच्या हेड्रियनच्या प्रासादातील शिल्पे काढून येथे आणविली, हेही नोंदविले पाहिजे.) आनिएने नदीचे पाणी टेकडीखालून खोदलेल्या बोगद्याने आणून केवळ उताराच्या बळावर शेकडो कारंजी खेळविली गेली. त्यांतील जल-ऑर्गनची योजना विशेष कौतुकास्पद आहे. वेगाने कोसळणारे पाणी आपल्यासोबत हवा ओढून नेते, ती बंद कक्षात दाबली जाते व नळ्यांतून स्वर उमटतात. पाण्यानेच फिरणारे दंतुर नळकांडे कोणती नळी केव्हा वाजावी ते ठरविते.

पुढे देस्ते घराण्याचा वारसा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबुर्गांकडे गेला आणि उद्यानाची हेळसांड झाली. तथापि संगीतकार फ्रान्झ लिस्ट याला १८७७ मध्ये ज्या सुरूंनी व कारंज्यांनी भारून टाकले, ते गूढरम्य रूप बव्हंशी या दुर्लक्षाचेच फलित होते. पहिल्या महायुद्धानंतर ते इटालियन शासनाकडे आले. आज पर्यटक ज्याचे छायाचित्र आवर्जून घेतात, ते नेपच्यूनचे भव्य कारंजे विसाव्या शतकातील आहे. तेथे पूर्वी बेर्निनीचा धबधबा होता. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यातील हानी दुरुस्त झाली, २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि २००३ पासून ऑर्गन पुन्हा वाजू लागला.

१९८१ च्या फ्लॉरेन्स सनदेने ऐतिहासिक उद्यानास सजीव स्मारक मानले. झाडे मरतात, नवी लावावी लागतात. क्षारयुक्त पाण्यामुळे कारंज्यांवर चुन्याची पुटे चढतात. मग मूळ रूप कोणते? एत्येन द्युपेराक याचे १५७३ चे कोरीव चित्र प्रमाण मानावे, असे सहज सुचेल. परंतु त्यात प्रत्यक्षात कधीच न बांधलेले भागही दाखविले आहेत. म्हणून नेपच्यूनचे कारंजे हटवून त्या चित्राकडे परतणे हे, प्रस्तुत लेखकाच्या मते, जतन नसून नवनिर्मितीच ठरेल.