भोंगा आणि जठराग्नी

सकाळी सात-साडेसातला चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसमधून थर्ड शिफ्टची माणसं उतरतात. डोळे तांबारलेले असतात आणि हात सरळ वडापावकडे जातो. भरपेट खाऊन, वर चहा घेऊन ती खोलीवर जाऊन आडवी होतात. त्यांतलीच काही संध्याकाळी चिंचवडला माझ्या दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, ॲसिडिटी आहे."

या एका शब्दाखाली काय काय दडलेलं असतं! एकाला छातीत जळजळ, दुसऱ्याला दोन दोन दिवस पोट साफ नाही, तिसऱ्याला भूकच नाही. आयुर्वेद हे सगळं अग्नीच्या भाषेत पाहतो. अग्नी म्हणजे पोटातलं आम्ल, ही समजूत मात्र सोडायला हवी. खाल्लेल्याचं शरीरात रूपांतर करणारी सगळी शक्ती त्या शब्दात येते. जठराग्नी, पाच भूताग्नी आणि सात धात्वग्नी असे तेरा अग्नी मानले आहेत. त्यांतला जठराग्नी सम, विषम, तीक्ष्ण किंवा मंद असतो. पाळीच्या कामगारात मला बहुधा विषम अग्नी दिसतो: आज भुकेनं कासावीस, उद्या दोन घासांत पोट फुगलेलं.

सुश्रुतानं अजीर्णाची कारणं सांगताना अवेळी जेवण, अति पाणी पिणं आणि मलमूत्राचे वेग अडवणं यांच्याच रांगेत झोपेची उलटापालट घातली आहे. असं असेल तर वेळेवर घेतलेलं हलकं अन्नसुद्धा पचत नाही, असं तो म्हणतो. असेंब्ली लाइनवर जागा सोडता येत नाही म्हणून लघवी दाबून धरणारा मुलगा समोर बसला की मला ही यादी आठवते.

वाग्भटाचा नियम आणखी नेमका आहे. सवय नसताना रात्री जागरण झालं, तर जागलेल्या वेळेच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि तेही न जेवता. आठ तास जागरण, तर चार तास झोप, उपाशीपोटी. (ज्या हेमाडपंतांचं नाव आपण देवळांशी आणि मोडीशी जोडतो, त्या देवगिरीच्या हेमाद्रीनं वाग्भटाच्या या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली आहे, हे आपण विसरतो.) शरीरातल्या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल मिळालं. रात्री जठर अधिक सावकाश रिकामं होतं आणि जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून 'सगळं आमच्या ग्रंथात होतंच' असं मी म्हणणार नाही. पेशीतल्या घड्याळाची वाग्भटाला कल्पना नव्हती. त्याचं निरीक्षण मात्र पक्कं होतं.

खरी अडचण पुढे आहे. आधीचं पचल्यावरच जेवावं, असं शास्त्र सांगतं. कँटीन भोंग्यावर चालतं. एका ऋतूतून दुसऱ्यात जाताना शेवटचे सात आणि पहिले सात असे चौदा दिवस सवयी हळूहळू बदलाव्यात, असं शास्त्र सांगतं; पाळी मात्र आठवड्याला एका रात्रीत बदलते. यावर माझ्याकडे चूर्ण नाही.

चूर्णावरच विसंबण्याची चूक मीही केली आहे. प्रेस शॉपमधला, मराठवाड्यातून आलेला तिशीचा तरुण. जळजळ ऐकून मी अविपत्तिकर चूर्ण दिलं. पाठदुखीसाठी तो रोज मेडिकलमधून गोळी घेतो, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी आला तो पांढराफटक पडून. शौचाला डांबरासारखं काळं होतं, म्हणाला. तसाच त्याला रुग्णालयात पाठवला. दुर्बिणीतून तपासलं, तर जठरातला व्रण पाझरत होता. वाचला. तेव्हापासून वेदनाशामक गोळ्या, काळी शौच आणि घटतं वजन हे तीन प्रश्न मी नाडीला हात लावण्याआधी विचारतो.

बरा झाल्यावर त्याला मी वाग्भटाचा नियम सांगितला: कामावर जाण्याआधी नीट जेव, मध्यरात्री थोडा वरणभात, सकाळी न खाता झोप, उठल्यावर जेव. तो हसला. "डॉक्टर, मेसचा डबा सकाळी साडेसातलाच येतो. दुपारपर्यंत ठेवला तर भाजी आंबते."

याचं उत्तर कुठल्याही संहितेत नव्हतं. मेसवाल्या मावशींशी तोच बोलला. आता त्याच्या खोलीतल्या चौघांचे डबे नाइटच्या आठवड्यात साडेअकराला येतात. पाळी बदलली की रविवारी रात्री त्यांना फोन करून वेळ पुन्हा सांगावी लागते. एकदा विसरला, तेव्हा परत वडापाव झाला.